जठराचा पीळ: पहिल्या एक्स-रेपासून शस्त्रक्रियेपर्यंत

जठराला पीळ पडणे हा आजार विरळ आहे आणि विरळ असल्यामुळेच तो पहिल्या तपासणीत अनेकदा निसटतो. पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत अचानक उठलेली तीव्र कळ आणि सतत येणारे उमाळे घेऊन रुग्ण आला, की तपासणाऱ्याच्या मनात हृदयविकाराचा झटका, स्वादुपिंडाचा दाह, पित्ताशयातील खडे आणि फुटलेला अल्सर हीच नावे प्रथम येतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र या यादीत जठराच्या पिळाला तळाशी का होईना, जागा असली पाहिजे. पिळलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत जठराची भिंत मरते, आणि अचानक उद्भवलेल्या पिळातील मृत्यूचे प्रमाण जुन्या वैद्यकीय नोंदींमध्ये 30 ते 50 टक्के इतके सांगितलेले आहे. पुढील मांडणी मुख्यतः आकस्मिक विभागात, शल्यचिकित्सा विभागात आणि क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांना ती समजून घेण्यासाठी उपयोगी पडेल, पण यात घरी करण्याजोगा कोणताही उपचार नाही.

प्रतिमा पाहताना तीन प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. जठर अडले आहे का? त्याच्या भिंतीपर्यंत रक्त पोहोचत आहे का? आणि पीळ पडायला वाव कशामुळे मिळाला? पिळाचा शास्त्रीय प्रकार कोणता, हा प्रश्न परीक्षेत पहिला विचारला जातो, पण रुग्णाच्या खाटेपाशी तो चौथ्या क्रमांकावर येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पीळ कशाभोवती पडतो

जठर पोटात सैल लोंबकळत नसते. वरच्या टोकाला अन्ननलिका श्वासपटलातील छिद्रातून येऊन त्याला मिळते, खालच्या टोकाला पायलोरसनंतरचे (जठराच्या बाहेर जाण्याच्या तोंडानंतरचे) ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, पाठीमागच्या भिंतीला घट्ट चिकटलेले असते, आणि या दोन टोकांच्या मधल्या भागाला यकृत, प्लीहा, मोठे आतडे व श्वासपटल यांच्याकडे जाणारे चार पडदेवजा बंध धरून ठेवतात. हे बंध सैल पडले, जन्मतःच अपुरे असले, किंवा श्वासपटलात एवढे मोठे भगदाड असले की जठर छातीत सरकू शकेल, तर दोन स्थिर टोकांच्या मधला भाग फिरायला मोकळा होतो.

तो दोन अक्षांभोवती फिरू शकतो. पहिला अक्ष जठराच्या लांबीचा, म्हणजे अन्ननलिकेच्या तोंडापासून पायलोरसपर्यंतचा. ओले कापड दोन टोकांना धरून पिळावे तसे जठर या अक्षाभोवती वळते आणि त्याची मोठी वक्र कड वर जाऊन लहान कडेच्या डोक्यावर बसते. याला ऑर्गॅनोअॅक्सिअल पीळ म्हणतात. प्रौढांमध्ये हाच प्रकार जास्त आढळतो आणि त्याच्या मुळाशी बहुधा अन्ननलिकेशेजारचा मोठा हर्निया (श्वासपटलाच्या छिद्रातून जठर छातीत सरकणे) किंवा श्वासपटलातील दुसरा एखादा दोष असतो. दुसरा अक्ष लहान कडेच्या मध्यापासून मोठ्या कडेच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे आडवा. या अक्षाभोवती जठर दुमडते आणि अँट्रम (पायलोरसआधीचा जठराचा खालचा भाग) व पायलोरस वर उचलले जाऊन फंडसच्या (जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागाच्या) पातळीला किंवा त्याच्याही वर येतात. हा मेझेंटेरोअॅक्सिअल पीळ होय. तो पुष्कळदा अर्धवट असतो, येतो-जातो, आणि श्वासपटल शाबूत असतानाही पडू शकतो. दोन्ही प्रकार एकत्र असलेले रुग्णही भेटतात.

फिरण्याचा कोन 180 अंशांच्या पुढे गेला, की दोन्ही टोके बंद होण्याची शक्यता बरीच वाढते. आत अडकलेली हवा आणि द्रव बाहेर पडू शकत नाहीत, जठर फुगत जाते, भिंतीवरील ताण वाढतो आणि आधी शिरा, मग धमन्या दाबल्या जातात. जठराला पाच-सहा वाटांनी रक्त मिळत असल्यामुळे ते आतड्यापेक्षा जास्त वेळ तग धरते. पण या उशिराने मरण्याच्या गुणावर विसंबून सकाळपर्यंत थांबणे धोक्याचे आहे.

संशय कधी घ्यावा

शवविच्छेदनात आढळलेल्या जठराच्या पिळाचे पहिले वर्णन बेर्टी यांनी 1866 मध्ये केले. पुढे 1904 मध्ये बोर्खार्ट यांनी तीन लक्षणांचा संच सांगितला, तो आजही उपयोगी पडतो: पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना व फुगवटा, उमाळे येऊनही काहीच न पडणे, आणि नाकातून घातलेली नळी जठरात न जाणे. तिन्ही लक्षणे एकत्र असली तर निदान जवळजवळ हाती आलेले असते, पण ती नसली म्हणून पीळ नाही असे म्हणता येत नाही. जठराचा बराच भाग छातीत असला तर पोट मऊ आणि सपाट लागते, वेदना छातीत किंवा पाठीत जाणवते, आणि धाप हेच मुख्य लक्षण असते. अशा रुग्णाचा ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) करायचेच, मात्र ट्रोपोनिन किंचित वाढलेले दिसले म्हणून तपास तिथेच थांबवायचा नाही.

वयस्कर रुग्ण, पूर्वी कधीतरी सांगितलेला मोठा हायटस हर्निया (हायटस म्हणजे श्वासपटलातील अन्ननलिकेचे छिद्र), पाठीचा कणा बाकलेला असणे, श्वासपटलाला पूर्वी झालेली इजा, किंवा अन्ननलिका व जठरावर आधी झालेली शस्त्रक्रिया ही माहिती मुद्दाम विचारावी. जुनाट पिळाचा रुग्ण वेगळी कहाणी सांगतो: जेवल्यानंतर पोट गच्च होते, चार घासांत भूक भागते, ढेकर येतात, कुशीवर वळल्यावर बरे वाटते, आणि रक्तात लोहाची कमतरता असते पण तिचे कारण सापडत नाही. हर्नियाच्या तोंडाशी जठराच्या आतील आवरणावर पडणाऱ्या आडव्या जखमांतून झिरपणारे रक्त हे या कमतरतेचे एक नेहमीचे पण दुर्लक्षित कारण आहे.

प्रतिमेच्या आधी आणि प्रतिमेबरोबर

रुग्णाला स्कॅनच्या खोलीत पाठवण्यापूर्वी त्याला सावरणे आवश्यक आहे, आणि हे काम निदान पक्के होण्याची वाट पाहत थांबवू नये. तोंडाने काहीही देणे बंद करावे, दोन मोठ्या सुया लावून सलाईन सुरू करावे, प्राणवायू द्यावा, वेदनाशामक द्यावे आणि रक्तातील क्षार, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे), लॅक्टेट (ऊतींना प्राणवायू कमी पडल्यावर वाढणारे) व धमनीतील रक्तवायू तपासण्यास पाठवावेत. बराच काळ उलट्या झालेल्या रुग्णात पोटॅशियम आणि क्लोराइड कमी होऊन रक्त अल्कधर्मी झालेले असते, तर भिंत मरू लागलेल्या रुग्णात लॅक्टेट वाढून ते आम्लाकडे झुकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्या तर एकमेकींना झाकतात आणि पीएच फसवा सामान्य दिसतो. लॅक्टेट सामान्य असणे हा भिंत जिवंत असल्याचा पुरावा मानू नये. रक्तपुरवठा तुटल्याचा, जठर फुटल्याचा किंवा ओकारी फुप्फुसात गेल्याचा संशय असेल तर प्रतिजैविके लगेच सुरू करावीत. शल्यचिकित्सकांना या टप्प्यावरच कळवावे, स्कॅनचा अहवाल हाती येईपर्यंत थांबू नये.

जठरातला दाब उतरवणे हा निदान आणि उपचार दोन्हींचा भाग आहे. रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) भरपूर जेली लावून, रुग्णाला अर्धवट बसवून, हलक्या हाताने घालावी. ती अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी अडली तर जोर लावू नये, कारण ताणलेल्या आणि रक्ताविना कमजोर झालेल्या भिंतीला तिथे भोक पडू शकते. दोनदा प्रयत्न करूनही नळी जात नसेल तर ती तिथेच ठेवून अन्ननलिकेतला द्रव ओढून घ्यावा आणि पुढचा प्रयत्न एंडोस्कोपीच्या (तोंडातून घातलेल्या दुर्बिणीच्या) किंवा सी-आर्मच्या (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) नजरेखाली करावा. नळी आत गेली आणि लिटर-दीड लिटर द्रव निघाला तर रुग्णाला तत्काळ आराम वाटतो. या आरामाने डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही निर्धास्त होतात, आणि तिथेच सावध राहायला हवे. फुगवटा उतरला तरी पीळ तसाच असू शकतो.

पहिली प्रतिमा: साधा एक्स-रे

छातीचा उभ्याने किंवा बसवून काढलेला एक्स-रे आणि पोटाचा एक्स-रे एवढे प्रथम पुरते. झोपवून काढलेल्या चित्रात हवा आणि द्रव यांची आडवी सीमारेषा दिसत नाही, त्यामुळे रुग्णाला शक्य असेल तितके सरळ बसवणे महत्त्वाचे आहे.

हृदयाच्या सावलीमागे हवेचा मोठा फुगा आणि त्यात द्रवाची आडवी रेषा दिसली तर जठराचा भाग छातीत असल्याचे कळते. एक रेषा श्वासपटलाच्या वर आणि दुसरी खाली दिसली तर जठराचे दोन कप्पे वेगवेगळे अडकले असल्याची शंका बळावते. मेझेंटेरोअॅक्सिअल पिळात जठर गोल दिसते आणि उभ्या चित्रात दोन रेषा एकावर एक येतात. खालची फंडसची, वरची अँट्रमची. ऑर्गॅनोअॅक्सिअल पिळात जठर आडवे पडलेले दिसते आणि बहुधा एकच रेषा असते, त्यामुळे साध्या एक्स-रेवर तो ओळखणे अधिक अवघड जाते. डाव्या बाजूचे श्वासपटल उचललेले असणे आणि पुढच्या आतड्यांत हवा अगदी कमी असणे, या दोन खुणा निदानाला आधार देतात. नळी घातलेली असेल तर तिचा मार्ग पाहावा. ती खाली येऊन पुन्हा छातीकडे वळली असेल तर जठर कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. श्वासपटलाखाली, हृदयाच्या आवरणाभोवती किंवा छातीच्या मध्यभागी मोकळी हवा दिसली तर जठर फुटलेले असू शकते.

छातीतील फुगलेल्या जठराची प्रतिमा कधीकधी दाबाखालच्या हवेने भरलेल्या छातीसारखी किंवा द्रव साठलेल्या पोकळीसारखी दिसते, आणि घाईत तिथे छातीची नळी घातली तर ती थेट जठरात शिरते. फुग्याच्या कडेला भिंतीची स्पष्ट वक्र रेषा आहे का, आणि श्वासपटलाची डावी कड सलग शोधता येते का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारायला अर्धे मिनिट लागते. रुग्ण तेवढे थांबू शकत असेल तर ते अर्धे मिनिट द्यावेच.

साधा एक्स-रे सामान्य असला तरी संशय कायम असेल तर पुढे जावे. पीळ येत-जात असलेल्या रुग्णात दोन झटक्यांच्या मधल्या काळातील चित्र अगदी निर्दोष असू शकते.

मुख्य तपासणी: सीटी स्कॅन

अचानक आलेल्या दुखण्यात आज पहिली पसंती सीटी स्कॅनलाच द्यावी. ती काही सेकंदांत होते, आजारी रुग्णाला द्रव प्यायला लावत नाही, भिंतीचा रक्तपुरवठा दाखवते, आणि पीळ नसेल तर दुखण्याचे खरे कारणही बऱ्याचदा सांगते.

स्कॅन मागवताना चिठ्ठीवर फक्त ‘पोटदुखी’ लिहू नये. जठराच्या पिळाचा संशय आहे असे स्पष्ट लिहिले तर तंत्रज्ञ छातीच्या वरच्या भागापासून कटिभागापर्यंतचा सलग भाग घेतो. नाहीतर पोटाच्या स्कॅनची सुरुवात श्वासपटलापासून होते आणि छातीत सरकलेले अर्धे जठर चित्राबाहेर राहते. शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्त पोहोचलेले भाग उजळवणारे द्रव्य) द्यावे आणि साधारण 70 सेकंदांनी येणाऱ्या पोर्टल शिरेच्या (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेच्या) टप्प्यातील चित्रे घ्यावीत. रक्तपुरवठा तुटल्याची शंका ठळक असेल तर धमनीचा टप्पाही जोडावा. कॉन्ट्रास्टविना घेतलेली आधीची चित्रे भिंतीत साठलेले रक्त ओळखायला मदत करतात. तोंडावाटे कॉन्ट्रास्ट पाजण्याची आकस्मिक स्थितीत गरज नसते, ते ओकारीवाटे फुप्फुसात जाण्याचा धोका मात्र असतो. क्रिएटिनिन वाढलेले असले तरी जिवावर बेतलेल्या परिस्थितीत त्यामुळे कॉन्ट्रास्ट नाकारणे बहुधा तोट्याचे ठरते. भिंत जिवंत आहे का, या प्रश्नाचे उत्तर कॉन्ट्रास्टविना जवळजवळ मिळतच नाही.

चित्रे वाचताना आडव्या कापांवर लगेच पिळाचा आकार शोधत बसू नये. समोरून आणि बाजूने पुन्हा रचलेली चित्रे उघडावीत आणि अन्ननलिका मानेकडून खाली बोटाने माग काढावा तशी शोधत यावे. ती जठराला कुठे मिळते ते ठरवावे. मग उलट बाजूने जावे: स्वादुपिंडाच्या डोक्याशी ड्युओडेनम सहसा सापडते, तिथून मागे येत पायलोरस आणि अँट्रम गाठावे. आता या दोन टोकांची उंची तुलना करावी. नेहमीच्या जठरात अँट्रम फंडसच्या बरेच खाली असते. ते फंडसच्या पातळीला किंवा त्याच्या वर आले असेल तर ही पिळाची सर्वांत विश्वासार्ह खुणांपैकी एक आहे. त्यानंतर मोठी वक्र कड शोधावी. प्लीहा आणि ओमेंटमची (जठराखाली लोंबणाऱ्या पडद्याची) चरबी या कडेला जोडलेली असल्यामुळे तीच वाटाड्याचे काम करते. ती कड वर आणि लहान कड खाली असेल तर ऑर्गॅनोअॅक्सिअल वळण आहे.

वळण दिसले म्हणजे अडथळा सिद्ध झाला असे नाही. त्यासाठी फुगलेला भाग एकदम निमुळता होऊन रिकाम्या भागाला मिळतो ती जागा दाखवता आली पाहिजे. ती बहुधा पायलोरसपाशी किंवा हर्नियाच्या मानेशी असते, आणि तिथे गाठ, अल्सर किंवा दुसरे कोणतेही कारण न दिसता जठर अचानक बंद झालेले असते. अशी जागा सापडली, जठर फुगलेले असले आणि पुढचे आतडे रिकामे असले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे लिहावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी भिंतीकडे पाहावे. भिंतीचा एखादा भाग बाकीच्या भागाच्या तुलनेत कॉन्ट्रास्टने उजळत नसेल, भिंतीच्या जाडीत हवेचे बुडबुडे असतील, कॉन्ट्रास्टविना चित्रात भिंत आधीच पांढरट दिसत असेल, भोवतीच्या चरबीत सूज आणि द्रव असेल, तर रक्तपुरवठा धोक्यात आहे असे समजावे. खूप ताणलेली भिंत कागदासारखी पातळ होते आणि ती उजळते की नाही हे ठरवणे कठीण जाते. तिथे शेजारच्या कमी ताणलेल्या भागाशी तुलना करण्याखेरीज चांगला मार्ग नाही. यकृताच्या कडेपर्यंत पसरलेली हवा पोर्टल शिरांतली असते, मध्यभागी राहणारी हवा बहुधा पित्तनलिकांतली असते. भिंतीतील हवा हे नेहमीच भिंत मेल्याचे चिन्ह नसते, हेही लक्षात ठेवावे. नुसत्या ताणाने आतील आवरणाला चिरा पडून हवा भिंतीत शिरू शकते आणि दाब उतरल्यावर ती विरतेही. म्हणून ही खूण एकटी वाचू नये. भिंत न उजळणे, लॅक्टेट आणि रुग्णाची नाडी यांच्या सोबतीने वाचावी.

तिसरा प्रश्न कारणाचा. हायटसचे छिद्र किती रुंद आहे, हर्नियाच्या पिशवीत जठराशिवाय मोठे आतडे, ओमेंटम किंवा स्वादुपिंडाचा भाग आहे का, श्वासपटल सलग आहे की फाटलेले, ते नुसतेच पातळ होऊन वर उचललेले आहे का, प्लीहा आपल्या जागी आहे की भटकलेली, आणि जुन्या शस्त्रक्रियेचे चिकटलेले धागे कुठे ओढत आहेत, हे सर्व नोंदवावे. शल्यचिकित्सक नेमका याच ओळींवरून शस्त्रक्रियेची आखणी करतो. शेवटी फुप्फुसांच्या तळाशी ओकारी गेल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे, कारण भूलतज्ज्ञाला ती माहिती तितकीच मोलाची असते.

अहवालाची पहिली ओळ ‘मोठा हायटस हर्निया’ अशी असेल आणि अडथळ्याचा उल्लेख चौथ्या परिच्छेदात असेल, तर रात्री दोन वाजता तो वाचणाऱ्याकडून चूक होणारच. अडथळा आहे की नाही, भिंत उजळते की नाही, आणि कारण काय, ही तीन वाक्ये अहवालाच्या निष्कर्षात सर्वांत वर असावीत, आणि पहिल्या दोन्हींपैकी एकाचेही उत्तर वाईट असेल तर अहवाल टंकित होण्याआधी फोन करावा.

वळलेले आणि पिळलेले यांतला फरक

मोठा हर्निया असलेल्या अनेक वयस्कर व्यक्तींचे जठर छातीत वर्षानुवर्षे ऑर्गॅनोअॅक्सिअल वळणावर राहते. ते कुठेही अडलेले नसते आणि त्यांना फारसा त्रासही नसतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनवर हे दिसले आणि अहवालात ‘पीळ’ हा शब्द आला, तर शांतपणे जेवणारा माणूस त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचू शकतो. माझ्या मते अशा चित्राला ‘जठराची वळलेली स्थिती, अडथळ्याची खूण नाही’ असेच लिहावे आणि पीळ हा शब्द अडथळा किंवा रक्तपुरवठ्यातील बिघाड यांच्यासाठी राखून ठेवावा. याची उलट बाजूही आहे. असे वळण असलेला रुग्ण पुढे कधी उमाळे आणि वेदना घेऊन आला, तर ‘हा तर जुनाच हर्निया’ म्हणून त्याला परत पाठवू नये.

अल्सरने किंवा गाठीने अरुंद झालेला पायलोरस आणि मंदावलेले जठर यांतही जठर प्रचंड फुगते. पण तिथे दोन्ही टोकांची उंची आपल्या जागी असते. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढल्यावर) उरलेल्या जठराच्या नळीलाही पीळ पडू शकतो. त्याचे चित्र आणि उपचार वेगळे असल्यामुळे तो रुग्ण शक्यतो त्याच प्रकारच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडे सोपवावा.

पिऊन घेण्याच्या कॉन्ट्रास्टची तपासणी

सीटी सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी बेरियम पाजून घेतलेली चित्रे हाच निदानाचा आधार होता. आजही येत-जात असलेल्या, जुनाट आणि स्थिर रुग्णात या तपासणीला तोड नाही, कारण तीत जठराची हालचाल आणि रिकामे होण्याची गती प्रत्यक्ष दिसते. रुग्णाला उभे करून, झोपवून आणि दोन्ही कुशींवर वळवून चित्रे घ्यावीत. शक्य असेल तर त्रास होत असतानाच्या दिवशी तपासणी ठरवावी. जठर फुटल्याचा संशय असेल तर बेरियम मुळीच देऊ नये, पाण्यात विरघळणारे कॉन्ट्रास्ट वापरावे. ओकारी फुप्फुसात जाण्याचा धोका असलेल्या रुग्णात मात्र तीव्र दाहक, जास्त सांद्रतेचे आयोडीनयुक्त द्रावण फुप्फुसात पाणी साठवू शकते, म्हणून तिथे कमी सांद्रतेचे, अनायनिक कॉन्ट्रास्ट निवडावे.

उपचार कसा ठरवावा

भिंत मेल्याच्या किंवा जठर फुटल्याच्या खुणा असतील, पोट ताठ असेल, रक्तदाब सलाईननेही सावरत नसेल, तर एंडोस्कोपीचा विचार सोडून थेट शस्त्रक्रिया करावी. नळीने दाब उतरला, रुग्ण स्थिर आहे आणि भिंत उजळते आहे, तर घाईची शस्त्रक्रिया टाळून एक-दोन दिवसांत, त्याच भरतीत, नियोजित शस्त्रक्रिया करता येते. या दोन टोकांच्या मधल्या रुग्णासाठी, म्हणजे ज्याचा दाब नळीने उतरत नाही पण भिंत जिवंत दिसते त्याच्यासाठी, एंडोस्कोपी उपयोगी पडते.

एंडोस्कोपी शक्यतो श्वासनलिकेत नळी घालून, भुलीखाली करावी, कारण भरलेल्या जठरातून ओकारी फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरावा आणि तोही जेमतेम. आधी द्रव ओढून घ्यावा, आतील आवरण नीट पाहावे, आणि ते काळे किंवा करडे पडलेले दिसले तर पुढे न जाता शल्यचिकित्सकाला बोलवावे. आवरण गुलाबी असेल तर सी-आर्मच्या नजरेखाली फंडसमध्ये दुर्बिणीचे वेटोळे घालून तिचे टोक अँट्रममधून पायलोरसकडे नेतात आणि मग दुर्बीण सहसा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवत हळूहळू मागे घेतात. वेटोळे सरळ होताना जठरही सरळ होते. सी-आर्मवर ही हालचाल डोळ्यांना दिसते आणि कधी थांबायचे हेही समजते. पीळ सुटल्यावर नळी पायलोरसच्या दिशेने ठेवून द्यावी. मात्र मूळ दोष तसाच राहिल्यामुळे पीळ पुन्हा पडतो. म्हणून एंडोस्कोपीने मिळालेला वेळ पुढच्या उपचाराच्या तयारीसाठी वापरावा.

अनुभवी हातांत शस्त्रक्रिया बहुधा पोटावरील लहान छिद्रांतून घातलेल्या दुर्बिणीनेच होते. जठर हलकेच ओढून पोटात आणतात. फुगलेले जठर चिमट्याने जोरात धरले तर फाटते, त्यामुळे आधी दाब उतरवणे इथेही लागू आहे. हर्नियाची पिशवी सोडवतात, अन्ननलिका ताणाविना पोटात राहील इतकी मोकळी करतात, हायटसचे छिद्र टाक्यांनी लहान करतात आणि जठर पोटाच्या पुढच्या भिंतीला टाके घालून बांधतात किंवा फंडस अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. भिंत जगेल की नाही याची शंका असेल तर शिरेतून इंडोसायनिन ग्रीन देऊन अवरक्त कॅमेऱ्यातून पाहिल्यास रक्त पोहोचणारा भाग चमकतो आणि न पोहोचणारा काळा राहतो. मेलेला भाग काढावाच लागतो. रुग्ण फार अस्थिर असेल तर जोडणी पुढच्या शस्त्रक्रियेवर ढकलण्याचा निर्णय शहाणपणाचा असतो.

संपूर्ण शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा वृद्ध आणि अशक्त रुग्णात जठर फक्त पोटात आणून बांधणे किंवा पोटाच्या भिंतीतून जठरात नळ्या बसवून ते जागी ठेवणे हा पर्याय आहे. एकाच जागी बांधलेले जठर त्या बिंदूभोवती पुन्हा फिरू शकते, म्हणून दोन ठिकाणी बांधणे योग्य.

लहान मुलांत

जठराच्या पिळाचे लक्षणीय प्रमाण एक वर्षाच्या आतील बाळांत आढळते. पित्ताविना उलट्या, पोटाचा फुगवटा, धाप किंवा अचानक निस्तेज होणे अशी लक्षणे असतात. श्वासपटलाचा जन्मजात दोष आणि भटकी प्लीहा मुद्दाम शोधावी. प्लीहेसाठी सोनोग्राफी सोयीची आहे. साध्या एक्स-रेनंतर मुलांत पिऊन घेण्याच्या कॉन्ट्रास्टची तपासणी बहुधा पुरते आणि सीटीचा किरणोत्सार वाचतो. गंभीर बाळात मात्र शस्त्रक्रियेला उशीर करू नये. दोष नसलेल्या, सौम्य जुनाट वळणाच्या काही बाळांत थोडे थोडे पाजणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली अंगस्थिती बदलणे पुरते आणि वाढीबरोबर त्रास कमी होतो.

शस्त्रक्रियेनंतरची प्रतिमा

ताप, वाढलेली नाडी, छातीत दुखणे किंवा धाप दिसली तर कॉन्ट्रास्टसह सीटी करून गळती, पू आणि पुन्हा छातीत सरकलेले जठर शोधावे. सर्व ठीक असेल तर अनेक केंद्रे पाण्यात विरघळणारे कॉन्ट्रास्ट पाजून मार्ग मोकळा असल्याची खात्री करून मगच आहार सुरू करतात. आधी द्रव, मग मऊ अन्न, आणि सुरुवातीचे काही आठवडे थोडे थोडे पण वारंवार खाणे. पुढे काही वर्षांनी केलेल्या बेरियम तपासणीत लहानसा हर्निया पुन्हा दिसणे सर्रास आढळते आणि त्यातील बऱ्याच जणांना काहीच त्रास नसतो. फक्त चित्रावर दिसणाऱ्या अशा हर्नियासाठी पुन्हा शस्त्रक्रिया सुचवू नये. जेवणानंतरचा गच्चपणा, उमाळे किंवा लोहाची कमतरता परत आली तरच तपास नव्याने, त्याच तीन प्रश्नांपासून सुरू करावा.